विश्लेषण : आजी-आजोबा ‘सुई नको’ का म्हणतात? पावसाळ्यापूर्वीच्या फ्लू लशीबाबत ज्येष्ठांशी कसे बोलावे?

मे महिन्यात वागळे इस्टेटमधील किसननगर, रामचंद्रनगर, श्रीनगरच्या घरांवर ताडपत्री चढते, छत्र्या दुरुस्त होतात, वर्षभराचे कडधान्य भरले जाते. पावसाळ्याच्या या तयारीत घरातील ज्येष्ठांची फ्लूची लस मात्र नसते. डॉक्टरांनी सुचवलीच तर ‘आता या वयात कसली सुई’ म्हणत विषय संपतो. मुले पटवू लागली की वाद होतो, लस राहून जाते.

धोका किती खरा?

‘पावसात सर्दी-खोकला व्हायचाच’ हे विधान तरुणांपुरते ठीक आहे. २००९ मध्ये पुण्यात देशातील पहिला बळी घेणारा एच१एन१ म्हणजेच स्वाइन फ्लूचा विषाणू कुठेही गेलेला नाही. तो आता दरवर्षी फिरणाऱ्या हंगामी फ्लूपैकीच एक आहे. भारतात फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चदरम्यान. जोडीला करोना आणि आरएसव्ही आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये ज्याच्या नावाने घबराट उडाली तो एचएमपीव्ही २००१ पासून माहीत असलेला विषाणू आहे. त्यावर लस नाही.

साठीनंतर प्रतिकारशक्ती मंदावते. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर फ्लूचे रूपांतर न्यूमोनियात होण्याची शक्यता वाढते. वागळे इस्टेटमध्ये आणखी दोन गोष्टींची भर पडते. ग्राइंडिंग, वेल्डिंग, रसायनांच्या वासात अनेक वर्षे काढलेले निवृत्त कामगार इथे राहतात. त्यात बिडीची सवय असेल तर फुप्फुसे आधीच थकलेली असतात. आणि दहा बाय बाराच्या खोलीत शाळकरी नातू खोकू लागला तर आजोबांनी ‘अंतर’ राखायचे कुठे? मोठ्या घरांसाठी लिहिलेला हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. इथे हाताशी उरते ती लस, मुखपट्टी आणि उघडी खिडकी.

आणखी एक बाब घराघरांत दुर्लक्षित राहते. ज्येष्ठांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही. अचानक जेवण तुटणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, दिवसभर झोपून राहणे हीदेखील न्यूमोनियाची लक्षणे असू शकतात. ‘अंगाला हात लावून पाहिला, गरम नाही’ यावर विसंबून राहू नये. २०२० मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, तर त्याचे सेल बदलून ठेवावेत.

‘नको’मागे काय दडलेले असते?

१ मार्च २०२१ रोजी साठीवरील नागरिकांचे करोना लसीकरण सुरू झाले. ज्येष्ठांनी रांगा लावून दोन मात्रा घेतल्या, पुढे वर्धक मात्राही घेतली. तरीही करोना झालाच, हा अनेकांचा अनुभव. त्यानंतर मोबाइलवर चित्रफिती आल्या, लशीमुळे हृदयविकाराचे झटके येतात म्हणून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार करोना लशीमुळे हा धोका वाढला नव्हता. दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी होता. अभ्यास तरुणांचा होता, हेही आजोबांना प्रामाणिकपणे सांगावे. शिवाय फ्लूची लस ही वेगळी लस आहे. ती निष्क्रिय विषाणूपासून बनते, जगभर अनेक दशके वापरात आहे आणि तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. हात दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण, एवढे मात्र होऊ शकते.

पण खरी अडचण अनेकदा वेगळीच असते. खासगी दवाखान्यात फ्लूची लस दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते, न्यूमोकोकलची त्याहून महाग. मुलाच्या पगारावर घर चालत असताना ज्येष्ठ ‘खर्च नको’ म्हणत नाहीत, ‘सुई नको’ म्हणतात. अशा वेळी लशीचे शास्त्र समजावून उपयोग नसतो. पैसे बाजूला काढले आहेत, हे आधी सांगावे लागते.

मग बोलावे कसे?

आधी विचारावे, मग सांगावे. ‘बाबा, मागच्या वेळी लस घेतल्यावर तुम्हाला काय झालं होतं?’ या प्रश्नाने जेवढी माहिती मिळते, तेवढी दहा चित्रफिती खोट्या ठरवून मिळत नाही. ‘तुम्ही आजारी पडलात तर आम्हालाच धावपळ’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे. ते ऐकणाऱ्याला काळजीचे वाटत नाही, ओझे झाल्याचे वाटते. पाहुण्यांसमोर तर हा विषय काढूच नये.

अनेक ज्येष्ठांच्या हातावर देवीच्या लशीचा व्रण आजही दिसतो. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही. लस ही ‘हल्लीची फॅडं’ नाहीत, हे सांगायला तो व्रण पुरेसा आहे. आयुष्य मशीनवर काढलेल्यांना मशीन बंद पडण्याआधीची देखभाल वेगळी समजवावी लागत नाही. मात्र ‘घेतली की काही होत नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नये. फ्लूची लस संसर्ग पूर्ण रोखत नाही, ज्येष्ठांत तिचा परिणाम तरुणांपेक्षा कमी असतो. रुग्णालयात जाण्याची वेळ येण्याची शक्यता ती घटवते. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. घरच्यांचे ऐकत नसतील तर वर्षानुवर्षे रक्तदाबाची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच हा विषय काढायला सांगावे.

सरकारी लस मिळते का?

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी फ्लूची लस नाही. न्यूमोकोकल लस लहान मुलांना मोफत मिळते, आजोबांना नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. न्यूमोनियाचे बिल सरकार भरणार आणि तो टाळू शकणाऱ्या सुईचे पैसे घरच्यांनी द्यायचे, हा हिशेब उलटा आहे. राज्य सरकारने यापूर्वी गर्भवती, मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मोफत फ्लू लस दिली आहे. त्यामुळे महापालिकेच्या आरोग्य केंद्रात साठा आहे का, हे आधी विचारावे.

ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास किंवा आधीच्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास टोचण्यापूर्वी सांगावे. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे जूनच्या मध्यावर पाऊस धरला तर लस मे अखेरपर्यंत घेतलेली बरी.