खेळातला बिंदू आणि बांधावरचा बिंदू

एकवीस उत्तर अक्षांशाची रेषा जळगाव शहरावरून जाते. धुळ्याहून सोनगीरकडे निघालेली एस.टी. मुंबई-आग्रा रस्त्यावर हीच रेषा ओलांडते. पंचाहत्तरावा पूर्व रेखांश तिला अमळनेरच्या नैऋत्येला छेदतो, तर शहात्तरावा बोदवड आणि मुक्ताईनगर यांच्या मधल्या पट्ट्यात. अशा पूर्ण अंशांच्या छेदबिंदूवर जाऊन उभे राहायचे, हातातल्या यंत्रावर शून्ये जुळली की चारी दिशांची छायाचित्रे काढायची, असा एक छंद जगात आहे. अमेरिकेत अॅलेक्स जॅरेट यांनी १९९६ साली तो सुरू केला.

उपग्रहावरून ठिकाण सांगणारे जी.पी.एस. यंत्र मूळचे अमेरिकी लष्कराचे. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० च्या आरंभी ही भेसळ बंद झाली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थाने जंगलात वस्तूंनी भरलेली एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून ‘जिओकॅशिंग’ हा शोधाशोधीचा खेळ जन्मला. आज हे यंत्र खिशातल्या मोबाइलमध्येच येऊन बसले आहे. लळिंग किंवा भामेरचा किल्ला चढताना वाट नोंदवून ठेवणे कोणाही तरुणाला जमते.

छंद म्हणून यात वावगे काही नाही. परंतु खानदेशात अनोळखी माणूस यंत्र घेऊन शेतात उभा राहिला, की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोजणीचा. रस्ता जाणार, कालवा येणार, की जमीन जाणार? छंदिष्टाने बांधावर पाय ठेवण्याआधी मालकाला विचारावे, ही साधी रीत आहे. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. एकाच्या हातात खेळणे असलेले हेच यंत्र सातपुड्याच्या पायथ्याशी दुसऱ्याच्या जमिनीचा पुरावा होते.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला प्रत्यक्ष ताब्याइतका, पण चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांसाठी हा पोटाचा प्रश्न आहे. दाव्याची मोजणी करताना शेताच्या कडेने जी.पी.एस. घेऊन फिरतात आणि त्यातून नकाशा व क्षेत्र निघते.

इथे छंदिष्टांना पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट फार मोलाची ठरते. हे यंत्र चुकते. मोकळ्या आकाशाखाली चूक तीन ते पाच मीटरची असते. दाट झाडीत, दरीत ती वाढते. लपवलेला डबा शोधणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. तो चार पावले इकडेतिकडे पाहतो. पण एक एकर म्हणजे सुमारे चौसष्ट मीटर लांब-रुंद चौकोन. त्याच्या चारही बाजू चार-चार मीटर आत धरल्या गेल्या, तर चाळीस गुंठ्यांतले नऊ गुंठे कागदावरून नाहीसे होतात. चूक बाहेरच्या अंगाला पडली, तर शेजाऱ्याशी नाहीतर वनखात्याशी वाद ठरलेला.

कायद्याने हा धोका ओळखला आहे. उपग्रहचित्रे आणि तत्सम तंत्र इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरावे, त्याची जागा त्याने घेऊ नये, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची साक्ष, जुनी विहीर, दगडी बांध यांचे वजन यंत्रामुळे कमी होत नाही. मात्र पडद्यावरचा आकडा पाहून समोरचा अधिकारीही निश्चिंत होतो आणि दावेदारही गप्प बसतो. यंत्राशी वाद घालावा कसा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

ते शिकवायला हौशी मंडळींहून योग्य कोण? प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटे थांबावे. यंत्र स्वतःच दाखवते तो चुकीचा अंदाजही कागदावर टिपावा. वेगळ्या दिवशी पुन्हा फेरी मारून दोन्ही नकाशे ताडून पाहावेत. छंदात या सवयी आपोआप अंगवळणी पडतात. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतले भूगोलाचे विद्यार्थी आणि गिर्यारोहक यांनी वर्षातले दोन रविवार गावच्या वनहक्क समित्यांसोबत घालवले, तर खर्च एस.टी.च्या तिकिटाचा. आपल्या शेताचा नकाशा खरा की खोटा, हे दावेदाराला सही किंवा अंगठा देण्यापूर्वी स्वतः पडताळता आले पाहिजे. अमळनेरजवळचा तो छेदबिंदू गाठायला निघालेल्यांनी एकदा चोपड्याच्या पुढची वाटही धरावी.