जुन्या यंत्राला नवा रंग पुरेसा नाही

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

विषय : रिफर्बिश्ड (वापरून नूतनीकरण केलेल्या) वैद्यकीय यंत्रांसाठी स्पष्ट नियम करण्याबाबत

महोदय,

1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. पण 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत रिफर्बिश्ड यंत्रासाठी वेगळी तरतूद नाही. त्याच आधारे, अशा यंत्रांच्या विक्रीसाठीच्या आयातीला परवाना दिला जात नाही, असे आपल्या कार्यालयाने जानेवारी 2025 मध्ये सीमाशुल्क विभागाला कळवले. पर्यावरण मंत्रालय मात्र 2016 च्या घातक कचरा नियमांखाली काही महागड्या वापरलेल्या यंत्रांच्या आयातीला परवानगी देत आले आहे. म्हणजे एकाच यंत्राला एक कार्यालय कचऱ्याच्या नियमांत बसवते आणि दुसऱ्याकडे त्याच्यासाठी नियमच नाही. तरतूद नसणे हे नकाराचे कारण असेल, तर ती करणे हेही सरकारचेच काम आहे.

बंदरावर यंत्र अडवले तरी देशातला व्यवहार थांबत नाही. महानगरातले रुग्णालय नवा सीटी स्कॅनर किंवा व्हेंटिलेटर घेते, तेव्हा जुना व्यापाऱ्यामार्फत तालुक्याच्या गावातल्या लहान रुग्णालयात जाऊ शकतो. एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे लक्ष असते, ते किरणोत्सर्गापुरते. सोनोग्राफी यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला विकता येत नाही, पण तो नियम गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आहे. यंत्राचा माग ठेवता येतो, हे यातून सिद्ध होते. तरीही व्हेंटिलेटरचे सेन्सर बदलले का, ॲनेस्थेशिया मशीनची गळती तपासली का, निर्मात्याने सुटे भाग देणे कधी थांबवले, हे विचारणारा नियम नाही. केस पांढरे करून डॉक्टर अनुभवी होत नाही, तसे रंग देऊन यंत्र सुरक्षित होत नाही.

देशी उत्पादकांचा आक्षेप असा की, आयातीचे दार उघडले तर परदेशातले टाकाऊ सामान येईल आणि इथले कारखाने अडचणीत येतील. ही भीती रास्त आहे. म्हणूनच आयात झालीच, तर ती मूळ निर्मात्याने किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेने नूतनीकरण केलेल्या आणि सुट्या भागांची हमी असलेल्या यंत्रांपुरती ठेवावी. मात्र देशांतर्गत फेरविक्रीचे नियम त्या वादात अडकू नयेत. दुसरा आक्षेप, गरिबांच्या वाट्याला दुय्यम यंत्रेच का? पण नवे यंत्र म्हणजे चालू यंत्र, असेही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या देखभाल कार्यक्रमासाठी झालेल्या मोजणीत सरकारी आरोग्य संस्थांतील 13 ते 34 टक्के उपकरणे, राज्यागणिक कमीअधिक, बंद आढळली होती. रुग्णाच्या दृष्टीने वयापेक्षा यंत्राची देखभाल मोलाची. तिसरा आक्षेप खर्चाचा. नियमांमुळे यंत्र थोडे महागेल हे खरे. पण स्वस्तात घेतलेले यंत्र सुट्या भागाअभावी महिनोनमहिने बंद पडले, तर ती बचत कसली?

नियमाचा आराखडाही शून्यातून करायचा नाही. इमेजिंग यंत्रांच्या नूतनीकरणासाठी आयईसी 63077 हे आंतरराष्ट्रीय मानक 2019 पासून उपलब्ध आहे. युरोपच्या नियमांत पूर्ण नूतनीकरणाची व्याख्या आहे आणि आपल्या नावाने असे यंत्र बाजारात आणणाऱ्यावर निर्मात्याइतकीच जबाबदारी आहे. आपल्याकडे किमान चार गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात: प्रत्येक यंत्रासोबत अनुक्रमांकासह वापर-दुरुस्तीचा इतिहास, नूतनीकरण करणाऱ्याची नोंदणी व कायदेशीर जबाबदारी, बसवल्यावर स्वतंत्र चाचणी, आणि सुटे भाग व सॉफ्टवेअर किती वर्षे मिळतील याची लेखी हमी. श्वास आणि भूल सांभाळणाऱ्या यंत्रांसाठी अटी सर्वांत कडक असाव्यात, आणि ज्याचा इतिहास सापडत नाही असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी नाकारले जावे.

नियमांचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी लवकर प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक