एकदा विकलेला माल

नाताळ सरला की आपल्या कित्येक घरांत एक पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर चढते आणि तेथेच राहते. तीत धाकटीला मावशीने आणलेला, काखेत आवळणारा झगा असतो. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या तीन घड्याळांपैकी दोन असतात. आणि कधीकधी एखादा मिक्सर, जो दुसऱ्याच वाटणाला धूर सोडून थांबला. यांतले काय दुकानात परत नेता येते आणि काय नाही, याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. नको असलेला खण किंवा साडी पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाई, तेथून तिसऱ्या. कापडाच्या दुकानांतून ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हणून निराळा गठ्ठाच असतो, आणि त्या कोणी नेसायच्या हे घेणाऱ्याला माहीत नसते, देणाऱ्यालाही नसते. पण मापाचा झगा असा फिरत नाही, आणि जळालेला मिक्सर तर मुळीच नाही. त्यांना दुकानाचीच वाट धरावी लागते.

ही वाट आपल्याकडे लांब असते. लग्नाचा बस्ता बांधावयास खानापूर आणि चंदगडकडची कुटुंबे बेळगावात येतात, गोव्याहूनही येतात. टिळकवाडीत, १९२४ च्या अधिवेशनावरून नाव पडलेल्या काँग्रेस रोडच्या आसपास, खरेदी उरकून ती संध्याकाळच्या गाडीने परततात. घरी पिशवी उघडल्यावर दोष दिसला तर पुन्हा एक दिवस मोडून, तिकिटे काढून यावे लागते. मग पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आठवते, बहुधा ते इंग्रजीत असते, आणि माणूस गप्प बसतो. आमच्या मते येथेच आपल्या लोकांचे नुकसान होते.

कारण या ओळीत जितका जोर दिसतो तितका तिच्यात नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, जो २० जुलै २०२० रोजी अमलात आला. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत वस्तू न्यावी. तळाच्या त्या ओळीने हा हक्क पुसला जात नाही. पावतीच न देणे हीसुद्धा तशीच अनुचित प्रथा होय.

वस्तू भेट आलेली असली तरी हेच. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो ती वापरतो तोही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे. मावशीने दिलेला मिक्सर जळाला तर दाद मागण्यास मावशीलाच गेले पाहिजे असे नाही.

परंतु झगा आवळतो, घड्याळ तिसरे आहे, रंग सासूबाईंना रुचला नाही, हा वस्तूचा दोष नव्हे. येथे हक्क नाही, दुकानदाराचा चांगुलपणा आहे. घरबसल्या मागवलेल्या मालाचेही तसेच: सदोष, वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा ठरल्या दिवसानंतर आलेला माल विक्रेत्याने परत घेतलाच पाहिजे, पण नावडलेला घेणे त्या कंपनीच्या स्वतःच्या नियमावर अवलंबून. युरोपातील देशांत असा घरी मागवलेला बहुतेक माल १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतो. दुकानात जाऊन, हाताळून घेतलेल्या वस्तूस तो नियम तेथेही लागत नाही. आपले दुकानदार बहुधा पैसे देत नाहीत, वस्तू बदलून देतात, आणि साडीला फॉल लावला की तेही नाही. यात त्यांचे काही चुकते असे आम्हांस वाटत नाही. एक दिवस लग्नात मिरवून, घामाचा डाग झाकून झगा परत नेणारे गिऱ्हाईकही आम्ही ऐकून आहोत. सातवी आज्ञा गल्ल्याच्या दोन्ही बाजूंस लागू आहे.

भेटीची खरी अडचण पावतीची. पावती दिली तर किंमत कळते, म्हणून आपण ती फाडतो आणि खोक्यावरची चिठ्ठीही नखाने खरवडून काढतो. मग दुकानदाराने ती वस्तू आपलीच म्हणून ओळखावी कशी? विलायतेत पुष्कळ दुकाने भेटीसाठी किंमत न छापलेली पावती देतात. आपल्याकडे खोक्याच्या आत दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून मागावी. मूळ पावती मात्र देणाऱ्याने वर्षभर डब्यात ठेवावी.

आणि दुकानदाराने सदोष वस्तू नाकारलीच तर? प्रथम १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करावा; ती राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. तेवढ्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. शिवाय तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. चंदगडच्या माणसाने बेळगावात घेतलेल्या मिक्सरासाठी राज्याची सीमा ओलांडून येण्याचे कारण नाही; त्याने कोल्हापुरास अर्ज करावा.

केवळ माप बदलून आणावयाचे असेल तर मात्र दुकानातच गेले पाहिजे. कित्येक दुकाने अशी अदलाबदल फक्त दुपारी, गिऱ्हाईक विरळ असताना करतात आणि रविवारी करीत नाहीत. ही वेळही पावतीवर छापलेली असते. ती घरून निघण्यापूर्वी कोणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावी, नाहीतर संध्याकाळची शेवटची गाडी चुकावयाची.