कुलूप कोणाच्या हातात?



अमेरिकेत फोर्डचा 'एफ-१५० लाइटनिंग' हा विजेवरचा ट्रक २०२२ साली शेतकऱ्यांच्या दारात आला. चालकाने पट्टा सोडून दार उघडले, की रांगती गाडी आपोआप 'पार्क'मध्ये जाते. ट्रॉली जोडताना वाकून हूक पाहायची सोय संपली! पट्टा बांधून माणूस वाकणार किती?

कुलपामागे कारण आहे, ते नाकारू नये. २०१६ साली अँटन येल्चिन हा तरुण नट स्वतःच्याच घरंगळत आलेल्या जीपने दाबला जाऊन मेला. ती गाडी विजेवरची नव्हती, पण धोका तोच.

मात्र गाडी सोडून उतरणे वेगळे आणि ब्रेकवर पाय ठेवून बाहेर वाकणे वेगळे. सीटवर माणूस आहे की नाही, हे ओळखणारी कळ हार्वेस्टरला कधीपासूनची आहे. मग चालण्याच्या वेगापुरती मुभा का नाही? कॅमेऱ्यात बघा म्हणतात. चिखलाने माखलेला कॅमेरा काय दाखवणार, कपाळ?

आपल्याकडे सोनालिकाने २०२० साली विजेवरचा ट्रॅक्टर आणला. जिनिंगच्या आवारात कापसाची ट्रॉली मागे लावणारे आपणच. तेव्हा विजेची गाडी घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: सीटवरून अर्धे उठून मागे पाहिले तर ती थांबेल काय? थांबली, तर पुन्हा चालू कोण करणार, मी की कंपनीचा माणूस? उत्तर लेखी घ्या.