महालची सहल

सुट्टी लागली की बारडोलीहून गाड्या व्यारामार्गे डांगच्या जंगलात निघतात. महालला पूर्णेकाठी मुक्काम, सकाळी पात्राकडेने पायपीट; दऱ्या पाहून मन हरखते, यात वाद नाही. पण तिथल्या माणसांशी बोलतो कोण? (पहिल्या खेपेस आम्हीही फक्त चहाच मागितला!)

पार-तापी-नर्मदा जोडयोजनेत याच पूर्णेवर धरण योजले होते. आदिवासी रस्त्यावर उतरले, तेव्हा मे २०२२ मध्ये गुजरात सरकारने योजना रद्द केल्याचे जाहीर केले. १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाने मात्र तापीकाठची कितीतरी गावे बुडवली, आणि तापीच्याच कालव्यांवर आमचा बारडोलीचा ऊस पोसला. म्हणून पुढच्या सहलीत एक मुक्काम महालला ठेवा, पण एक दिवस उकाईच्या विस्थापितांच्या वस्तीतही काढा, असे माझे स्पष्ट मत आहे.