विश्लेषण : नाताळात गोव्याला निघताना मुंबई-गोवा महामार्ग निवडावा की कोल्हापूर-आंबोली?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की कुटुंबांच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. गोव्याला जायचे ते कोकणातून की घाटावरून? एक जण महामार्ग आता ‘मस्त झाला’ असे सांगतो, दुसरा खड्ड्यांची जुनी छायाचित्रे टाकतो. एकट्या मोटारीचा प्रवास आणि आजी-आजोबा, लहान मुलांसह १४ जणांचा प्रवास यांत मात्र मोठा फरक असतो. तो या वादात सहसा विचारात घेतला जात नाही.

दोन मार्गांत नेमका फरक किती?

अंतरात फारसा नाही. पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी असा राष्ट्रीय महामार्ग ६६ घेतला किंवा द्रुतगती मार्गाने पुणे, पुढे सातारा, कोल्हापूर, निपाणी आणि आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठली, तरी मुंबई ते पणजी अंतर पावणेसहाशे ते सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. पहिल्या मार्गावर अडचणी सुरुवातीला आणि मध्यावर येतात. दुसऱ्या मार्गावर खंडाळ्याची कोंडी सकाळी लवकर निघाल्यास टळते, पण सर्वांत अवघड टप्पा, म्हणजे आंबोली घाट, दिवसाच्या शेवटी आणि दमलेल्या चालकाच्या वाट्याला येतो.

मुंबई-गोवा महामार्ग खरोखर सुधारला आहे का?

बऱ्याच अंशी, हो. पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि रखडले. त्यापुढचे काम वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे तुकड्यातुकड्यांत गेले. प्रकरण उच्च न्यायालयातही पोहोचले. आज सिंधुदुर्गातील रस्ता उत्तम आहे. कशेडी घाटातील वळणांना बोगद्याचा पर्याय मिळाल्याने पोलादपूर ते खेड हा पूर्वीचा कंटाळवाणा टप्पा सुसह्य झाला आहे. मात्र ‘रस्ता झाला’ आणि ‘सलग रस्ता झाला’ यांत फरक आहे. इंदापूर आणि माणगाव येथील बाह्यवळण रस्त्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यामुळे चार पदरांवरून वेगाने आलेली वाहने बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यात येऊन अडकतात. संगमेश्वर ते हातखंबा हा भागही वळवलेले रस्ते आणि अर्धवट कामांसाठी ओळखला जातो.

हिवाळी सुट्टीत माणगावची कोंडी केवळ गोव्याच्या वाहनांमुळे होत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला जाणारे पर्यटक येथूनच वळतात आणि पुण्याहून ताम्हिणी घाट उतरणारी वाहने येथेच महामार्गाला मिळतात. अलिबागची गर्दी त्याआधी वडखळला सोबत असतेच. म्हणजे मुंबईहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत तीन-चार सहलींची गर्दी एकाच रस्त्यावर असते. पहाटे पाचला निघालेली गाडी सकाळी आठच्या सुमारास येथून निसटू शकते. ‘सगळे जमले की निघू’ म्हणत नऊला निघालेली गाडी भर गर्दीत सापडते. गणेशोत्सवात अवजड वाहनांवर बंदी, टोलमाफी, जादा पोलीस अशी व्यवस्था असते. नाताळात ती गृहीत धरता येत नाही.

मग कोल्हापूरमार्गे जाणे सुरक्षित?

दिवसा, हो. रात्री मात्र नाही, आणि त्याचे कारण हिवाळ्याशीच निगडित आहे. डिसेंबर-जानेवारी हा साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचा भर असतो. कराडपासून कागलपर्यंत आणि पुढे गडहिंग्लज, आजऱ्याच्या बाजूलाही उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक असला तरी तो लोंबणाऱ्या उसाखाली झाकला जातो. ताशी २० किलोमीटरच्या आसपास जाणारी ट्रॉली ८०च्या वेगातील चालकाला दिसेपर्यंत ब्रेक लावण्याइतके अंतर उरत नाही. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणामुळे अनेक ठिकाणी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली असते. पहाटे नदीकाठच्या सखल भागात धुकेही असते.

त्यामुळे ‘रात्री दहाला निघू, मुले झोपतील, सकाळी समुद्र’ हा लोकप्रिय बेत दोन्ही मार्गांवर तितकाच धोक्याचा आहे. कोकणात अर्धवट रस्त्याची अनपेक्षित वळणे, घाटावर उसाच्या ट्रॉल्या आणि दोन्हीकडे पहाटे तीन ते पाच या वेळेत चालकाला येणारी डुलकी. देशात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १.७२ लाखांहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. मार्ग कोणता, यापेक्षा निघायचे केव्हा, हा निर्णय महत्त्वाचा आहे. ग्रुपवर मात्र त्याची चर्चा सर्वांत शेवटी आणि घाईत होते.

दिवसाचा हिशेब कसा मांडावा?

डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य साधारण सकाळी सातनंतर उगवतो आणि सायंकाळी सहाच्या थोडे पुढे मावळतो. म्हणजे जेमतेम ११ तासांचा उजेड. समजा, ठाण्याहून १४ जण पहाटे पाचला निघाले. साताऱ्याच्या आसपास नाश्ता करून दुपारी एकला कोल्हापूर. जेवण करून दोनला निघाल्यास आजरा ओलांडून पावणेपाचच्या सुमारास आंबोली आणि पावणेसहाला सावंतवाडी. अंधारापूर्वी घाट उतरला, पण हाताशी उरली ती फक्त २०-२५ मिनिटे. खंडाळा किंवा कराडच्या कामात तासभर गेला, तर घाट अंधारात येणार. दाट जंगलाच्या या पट्ट्यात रस्त्यावर गवे येतात आणि धुकेही उतरते.

नकाशाचे अ‍ॅप दाखवते तो वेळ न थांबणाऱ्या एका गाडीचा असतो. १४ जणांचा एक थांबा म्हणजे चाळीस मिनिटे. चहा दहा मिनिटांत होतो, पण स्वच्छतागृहाची रांग आणि ‘काका कुठे गेले’ यात बाकीचा वेळ जातो. असे चार थांबे धरले तर अडीच तासांहून अधिक वाढतात. म्हणून वाटेतल्या मुक्कामाचा निर्णय घरूनच ठरवून निघणे श्रेयस्कर. कोल्हापूर सोडायला दुपारी तीन वाजून गेले, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही, असे आधीच ठरलेले असावे. कोकणातून जाताना हाच निकष हातखंब्याला लावता येतो, तेथे रत्नागिरीत मुक्कामाची सोय जवळ आहे. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर पहिल्या दिवशी कोल्हापूर किंवा चिपळूणलाच थांबणे हा सरळ उपाय. एक रात्र वाढते, खर्चही वाढतो. नाताळात खोल्या ऐनवेळी मिळत नाहीत हे खरे, त्यामुळे ही नोंदणी गोव्याच्या हॉटेलाबरोबरच करावी लागते.

पुणेकरांनी ताम्हिणी उतरून महामार्ग गाठावा का?

गोव्यासाठी तरी नाही. घाट उतरून पुन्हा माणगावच्याच कोंडीत जायचे, तर वळसा घेण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची खासगी बस उलटून पाच जणांचा मृत्यू झाला होता. तीव्र उतार आणि वळणे मोठ्या बसच्या अनोळखी चालकासाठी अवघडच आहेत. पुण्याहून कोल्हापूर-आंबोली किंवा बेळगावहून चोर्ला हे सोयीचे. मधले घाट निवडताना ताजी स्थिती तपासावी. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता.

एक टेम्पो ट्रॅव्हलर की तीन मोटारी?

तीन मोटारींत स्वातंत्र्य असते, पण तीन चालक ताजेतवाने लागतात आणि ‘पुढची गाडी दिसेना’ म्हणून मागची वेग वाढवते. एकामागोमाग जाण्याचा हट्ट सोडून भेटण्याची ठिकाणे ठरवावीत. मोटारींना फास्टॅग वार्षिक पास वापरता येतो. तो राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. भाड्याच्या ट्रॅव्हलरला हा पास मिळत नाही.

भाड्याची गाडी घेताना पांढऱ्या पाटीची ‘ओळखीतली’ गाडी टाळावी. खासगी नोंदणीचे वाहन भाड्याने चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालकाच्या कामाबाबत २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा होती. ठाणे ते पणजी एकाच चालकाने एका दिवसात केल्यास ती मोडतेच. तेव्हा दुसरा चालक मागावा किंवा मुक्काम करावा. गाडी दारात आल्यावर ‘काल रात्री कुठली फेरी होती’ हेही विचारावे. हंगामात गाड्या एक सहल संपवून थेट दुसरीला येतात.

परतीचे काय?

जाताना उत्साह असतो, परतताना सोमवारचे कार्यालय डोक्यात असते. दुपारच्या जेवणानंतर पणजी सोडली तर आंबोली उजेडात चढता येते, पण उसाच्या ट्रॉल्यांचा पट्टा रात्री येतो. त्यामुळे परतीलाही पहाटेच निघावे. बांद्याजवळ इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते. परवान्याशिवाय गोव्याची दारू सापडल्यास वाहनही जप्त होऊ शकते आणि एकाच्या पिशवीपायी सगळ्यांचा दिवस तेथेच जातो. आजरा ते आंबोली दरम्यान मोबाइलला सर्वत्र रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक गाडीत प्रत्येकाकडे असावेत.