सत्तावन्नचे दोन निकाल

दहावीच्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर प्रकरणे आहेत. तरीही १८५७ च्या उठावाकडे वळताच वर्गात बहुधा एकच प्रश्न उरतो, की तो शिपायांचा बंडावा होता की स्वातंत्र्यसमर, आणि त्याचे एका शब्दातले उत्तर पाठ करून घेतले जाते. वास्तविक हा वाद अर्थनिर्णयनाचा, म्हणजे उपलब्ध पुराव्यांतून घटनेचा अर्थ लावण्याचा आहे. सावरकरांचा या उठावावरील ग्रंथ १९०९ मध्ये परसत्तेविरुद्ध प्रेरणा जागवण्यासाठी आला, तर इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनी शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, उठावाला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध मानण्यास नकार दिला; तेव्हा लेखक कोण, काळ कोणता आणि वाचक कोण, हे विचारल्याखेरीज दोघांपैकी एकाला खरे ठरवणे हा अभ्यास नव्हे, ती नाणेफेक होय. या कामी मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी एक दुर्मीळ प्राथमिक साधन, म्हणजे घटनेच्या साक्षीदाराने मागे ठेवलेला पुरावा, आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. मात्र त्यांचा ‘माझा प्रवास’ अनेक वर्षांनी आठवणीतून लिहिला गेला आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांच्या संपादनातून छापला गेला, त्यामुळे साक्षीदाराचीही उलटतपासणी करावीच लागते. शिक्षकांनी या तिघांचे उतारे समोरासमोर ठेवावेत आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी गुण निष्कर्षाला न देता पुराव्याच्या हाताळणीला द्यावेत.